काळी वाळू, तांबडी माती, निळा खडा

रत्नागिरीच्या उत्तरेला काळबादेवीच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की ओल्या पुळणीवर काळे पट्टे उमटतात. परतणारी लाट हलके कण ओढून नेते आणि जड कण जागेवर राहतात. ती काळी वाळू मुठीत घेतली तर साध्या वाळूपेक्षा जड आहे हे लगेच कळतं. तिच्यात भरपूर इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन. सह्याद्रीचा काळा कातळ झिजला आणि नद्यांनी त्याचा हा अर्क समुद्रापर्यंत आणला. तिथून दापोली-मंडणगडकडच्या सड्यांवर जा. तांबड्या जांभ्यातच तिथे बॉक्साइट सापडतं, ज्यातून ॲल्युमिनियम काढतात.

नीलमाचं सामान याहून वेगळं नाही. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक म्हणजे कुरुंद, आणि शुद्ध कुरुंद बिनरंगी असतो. त्यात लोखंड आणि टायटॅनियमचा किंचित अंश मिसळला की तो निळा होतो. नीलमाला लागणारे सगळे धातू कोकणच्या मातीत आणि पुळणीत पडलेले आहेत, तरी नीलम इथे सापडत नाही. इथल्या सोनाराच्या पेढीवर तो येतो मुंबई-जयपूरच्या बाजारातून, आणि त्याआधी श्रीलंकेच्या रत्नपुरातून, मादागास्करमधून, म्यानमारच्या मोगोकमधून. सामान इतकं मुबलक असताना खडा इतका दुर्मिळ का, या प्रश्नापासून सुरुवात केली तर नीलमाची बरीचशी शोभा उलगडत जाते.

पहिली अडचण सिलिकाची, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची. ॲल्युमिनियमच्या आसपास मोकळी सिलिका असली की दोघांची मिळून फेल्डस्पार, अभ्रक, केयनाइट अशी नेहमीची खनिजं बनतात आणि कुरुंदासाठी काही उरत नाही. कोकणच्या पावसाने यातलं अर्धं काम करून ठेवलं आहे. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडणारं पाणी कातळातून झिरपत राहतं, सिलिका धुऊन नेतं, आणि मागे लोखंड, ॲल्युमिनियम, टायटॅनियम उरतं. जांभा झाला तो असा. हेच बॉक्साइट पुढे कधी जमिनीत खोल गाडलं गेलं, तिथे तापलं आणि दाबलं गेलं, तर त्याचा कुरुंद होईल. ग्रीसच्या नॅक्सोस बेटावर नेमकं हेच घडलेलं आहे. तिथला प्रसिद्ध एमरी दगड म्हणजे मुळात बॉक्साइटच. पण तो कुरुंद काळा, दाणेदार, लोखंडाने गच्च भरलेला. घासायला-पाजवायला उत्तम, अंगठीच्या कामाचा अजिबात नाही. रत्न व्हायला लोखंड फार थोडं हवं, टायटॅनियम त्याहून थोडं हवं, आणि स्फटिक सावकाश, अडथळ्याशिवाय वाढायला हवा. श्रीलंकेच्या डोंगराळ भागातले खडक ही संधी घेऊन आले. ते सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी खोलवर भाजून निघाले, तेव्हा श्रीलंका, मादागास्कर आणि दक्षिण भारत एकमेकांना चिकटलेले होते. आपला दख्खनचा कातळ त्यांच्यापुढे अगदीच तरुण, ६.६ कोटी वर्षांचा. ऑस्ट्रेलियात आणि थायलंडमध्ये बेसॉल्टनेही, म्हणजे सह्याद्रीसारख्याच काळ्या कातळानेही, नीलम वर आणले आहेत, पण तो बेसॉल्ट वेगळ्या जातीचा. सह्याद्रीत तशी आशा धरू नये.

आता एक गोष्ट अशी, की ती कळल्यावर काळबादेवीची वाळू पूर्वीसारखी दिसत नाही. इल्मेनाइट आणि कुरुंद यांची आतली मांडणी जवळजवळ एकच आहे. ऑक्सिजनचे अणू दोन्हीत त्याच पद्धतीने रचलेले असतात. कुरुंदात मधल्या जागांवर ॲल्युमिनियम बसतं, इल्मेनाइटमध्ये त्याच जागांवर लोखंड आणि टायटॅनियम. नीलमात काय होतं, तर ॲल्युमिनियमच्या त्या प्रचंड वस्तीत क्वचित कुठेतरी एका जागेवर लोखंडाचा आणि लगतच्या जागेवर टायटॅनियमचा अणू येतो. अशी जोडी जमली की प्रकाश पडताच लोखंडाकडचा एक इलेक्ट्रॉन टायटॅनियमकडे उडी घेतो, आणि त्या उडीला लागणारी ऊर्जा पिवळ्या-तांबड्या प्रकाशातून घेतली जाते. उरतो निळा. दहा लाख अणूंमागे टायटॅनियमचे काही दशक अणू एवढ्याला पुरतात. हीच जोडी इल्मेनाइटमध्ये जागोजागी आहे, म्हणून तिथे सगळाच प्रकाश गिळला जातो आणि वाळू काळी दिसते. पुळणीतला काळा आणि नीलमातला निळा यांच्यात फरक आहे तो मुख्यतः प्रमाणाचा. बेसॉल्टमधून आलेले लोखंडजड नीलम शाईसारखे गडद, घुम्मे का असतात, तेही यातच आलं.

बाजारात सर्वांत चांगल्या निळ्याला कॉर्नफ्लॉवरचं नाव देतात. ते फूल कोकणात कुणाच्या परसात नसतं. इथल्या माणसाला रंग दाखवायचा तर कुंपणावरची गोकर्णी दाखवावी, आणि तीही पाकळीच्या कडेची, जिथे निळ्यात जांभळ्याची छटा असते पण काळपटपणा नसतो. नीलम पारखताना सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो. गडद म्हणजे उंची असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. हात लांब करून खडा धरला आणि तो काळा दिसू लागला, तर त्यात रंग आहे पण प्रकाश नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात लोगान नीलम आहे, सुमारे ४२३ कॅरेटचा, म्हणजे ८४ ग्रॅमहून जड, श्रीलंकेचा आणि न तापवलेला. इतक्या आकाराचा खडा काळा पडायला हवा होता. पण त्याचा निळा मध्यम आहे, किंचित जांभळट, म्हणून तो आरपार उजळ राहिला.

रंग बघायला कोकणातला पावसाळी ढगाळ उजेड फार चांगला. ऊन थेट नसतं, सावल्या कडक नसतात, आभाळ सगळीकडून सारखा प्रकाश देतं. ऊन असेल तर उत्तरेच्या खिडकीत पांढऱ्या कागदावर खडा ठेवावा. पेढीच्या काउंटरवरचे पांढरे एलईडी निळ्या खड्यांची बाजू घेतात, त्यांच्याखाली जवळजवळ प्रत्येक नीलम चांगला दिसतो. म्हणून त्यानंतर एकदा जुन्या पिवळ्या दिव्याखाली बघावं. बरेच नीलम तिथे विझतात किंवा करडे पडतात. दिवसाच्या आणि पिवळ्या दिव्याच्या अशा दोन्ही उजेडांत जो निळा राहतो, त्याला पुढे बघण्यात अर्थ आहे.

नीलमात एक निळा नसतो, दोन असतात. स्फटिकाच्या लांब अक्षाच्या दिशेने पाहिलं तर जांभळट, भरीव निळा, आणि आडवं पाहिलं तर हिरवट निळा. शिवाय रंग सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. स्फटिक वाढताना कधी टायटॅनियम जास्त मिळालं, कधी कमी, आणि त्याचे सरळ पट्टे षट्कोनाच्या कोनात वळत आत उमटतात. भिंगातून हे पट्टे सरळ आणि १२० अंशांत वळलेले दिसले, तर खडा बहुधा जमिनीत वाढलेला आहे. ज्वाळेखाली कारखान्यात थेंबाथेंबाने वाढवलेल्या नीलमात, फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हर्नेयने १९०२ साली जाहीर केलेल्या पद्धतीच्या खड्यांत, या रेषा वक्र असतात आणि सोबत वायूचे गोल बुडबुडे. म्हणूनच डाग नसलेल्या, एकसारख्या भरलेल्या निळ्या मोठ्या खड्याकडे जाणकार आधी संशयाने बघतो.

मग येतं रेशीम. व्यापारात हाच शब्द चालतो. स्फटिक खोलवर निवताना त्यातलं जास्तीचं टायटॅनियम बाहेर पडतं आणि रुटाइल या टायटॅनियमच्या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुयांच्या रूपात स्थिरावतं. या सुया वाटेल तशा पसरत नाहीत. स्फटिकाच्या मांडणीप्रमाणे तीन दिशांत, एकमेकींशी ६० अंशांचा कोन करून बसतात. दाट असल्या तर घुमटाकार घासलेल्या खड्यावर सहा किरणांचा तारा उमटतो. विरळ असल्या तर प्रकाश त्यांच्यावर किंचित विखुरतो, पैलूंच्या गडद कोपऱ्यांत शिरतो, आणि सगळा खडा मखमली दिसायला लागतो. काश्मीरच्या नीलमाची कीर्ती याच मऊपणावर उभी आहे, तिथे मात्र तो रुटाइलहूनही सूक्ष्म कणांमुळे येतो. पाडर खोऱ्यात सुमजामच्या वर, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, १८८१ च्या सुमारास दरड कोसळली आणि ती खाण उघडी पडली. उत्तम माल जेमतेम १८८७ पर्यंत निघाला. आज जगात फिरणारे बहुतेक काश्मिरी नीलम त्या पाच-सहा उन्हाळ्यांतले. पाण्यासारखा लख्ख खडा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पटत नाही, पण थोडं रेशीम असलेला नीलम मला निष्कलंक खड्यापेक्षा कितीतरी सुंदर वाटतो. त्यात प्रकाश थांबतो.

न तापवलेल्या खड्याची खरी गंमत या आतल्या गोष्टींत आहे, आणि तापवल्यावर पहिला बळी त्यांचाच जातो. कुरुंद १,६०० ते १,८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की रुटाइलच्या सुया विरघळतात आणि त्यांतलं टायटॅनियम पुन्हा स्फटिकात मिसळतं. भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवला तर ते लोखंडाशी जोडी जमवतं आणि दुधी, पांढरट खडा निळा होऊन बाहेर येतो. श्रीलंकेत असे दुधी दगड गेउडा नावाने ओळखले जातात. ते जवळपास टाकाऊ समजले जात. १९७० च्या दशकात थाई व्यापाऱ्यांनी ते उचलले, भट्टीत घातले, आणि नीलमाचा बाजार कायमचा बदलला. आज विकले जाणारे बहुतेक नीलम तापवलेले आहेत. सांगून विकले तर त्यात लबाडी काही नाही. रंग खड्याच्या स्वतःच्या धातूंनीच आलेला असतो आणि टिकतो. बाहेरून टायटॅनियम किंवा बेरिलियम घुसवणं, चिरांत कोबाल्टची निळी काच भरणं हा प्रकार वेगळा, आणि त्याला मी नीलमाच्या रांगेत बसवणार नाही.

तापवल्याच्या खुणा भिंगाखाली बऱ्याचदा दिसतात. सुया तुटून ठिपक्यांच्या रांगा झालेल्या असतात. आत अडकलेले दुसऱ्या खनिजांचे कण फुगून त्यांच्याभोवती तबकडीसारखी चीर गेलेली असते. खड्याच्या कंबरेवर, म्हणजे वरचे आणि खालचे पैलू मिळतात त्या कडेवर, जिथे पुन्हा पॉलिश करायचं राहून जातं, तिथे वितळल्यासारखे बारीक खड्डे असतात. याउलट अखंड, धारदार, लांब सुया दिसल्या तर तो खडा तेवढ्या आगीतून गेलेला नाही.

श्रीलंकेच्या नीलमात आणखी एक पुरावा मिळतो आणि तो कोकणात विशेष जपून बघावा लागतो. स्फटिक वाढताना काही पोकळ्यांत कार्बन डायऑक्साइड कोंडला जातो, प्रचंड दाबाखाली, अर्धा द्रव आणि अर्धा वायू. सूक्ष्मदर्शकाखाली त्या द्रवात हलणारा बुडबुडा दिसतो. पण कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, म्हणून तेवढी ऊब मिळाली की बुडबुडा नाहीसा होतो आणि थंड केलं की परत येतो. मे महिन्यात चिपळूण-मालवणच्या बंद खोलीत, वर सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याची धग असताना, हा बुडबुडा दिसणारच नाही. खडा थोडा वेळ गार पाण्यात ठेवून, पुसून पुन्हा पाहावा. बुडबुडा आला तर भट्टीचा संशय जवळपास मिटला, कारण तेवढ्या उष्णतेत ती पोकळी फुटली असती.

याउपर प्रयोगशाळा. अवरक्त किरणांच्या तपासणीत डायास्पोर, बोहमाइट यांसारख्या पाणीधारक खनिजांच्या खुणा मिळाल्या तर खडा न तापवलेला, कारण ती काही शे अंशांतच मोडतात. प्रमाणपत्रावर मात्र वाक्य असतं ते ‘तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत’ अशा अर्थाचं. ते जसं आहे तसंच वाचावं. कमी तापमानावर हलकंसं भाजलेलं ओळखणं चांगल्या प्रयोगशाळेलाही जड जातं. घरच्या घरी होण्यासारखी परीक्षा एकच, घनतेची. खडा हवेत तोलायचा, मग बारीक दोऱ्याने पाण्यात टांगून तोलायचा. हवेतलं वजन ३.२० कॅरेट आणि पाण्यातलं २.४० आलं, तर फरक ०.८०, आणि ३.२० भागिले ०.८० म्हणजे ४.००. कुरुंदाची घनता हीच. काकानीली म्हणून विकलं जाणारं आयोलाइट २.६ च्या आसपास येतं, टांझानाइट ३.३५, कारखान्यातला निळा स्पिनेल ३.६४. कारखान्यातला नीलम मात्र ४.०० च दाखवतो, तेवढ्यासाठी भिंग. दुधात टाकल्यावर दूध निळं दिसलं पाहिजे, ही जुनी रत्नपरीक्षा अजून सांगितली जाते. गडद निळी काचही दुधाला तोच रंग देते, तेव्हा तिच्यावर पैसे लावू नयेत.

इथपर्यंत सगळं निसर्गाचं. आता कारागिराचं, आणि माझ्या मते न तापवलेल्या नीलमात त्याचं काम अधिक कठीण आहे. तापवलेल्या मालात रंग बऱ्यापैकी सारखा पसरलेला मिळतो. इथे रंग जिथे असेल तिथून कामाला लावायचा असतो.

कच्चा खडा आधी बुडवून बघतात. पाण्यात किंवा तेलात टाकल्यावर खडबडीत पृष्ठभागाचं चमकणं कमी होतं आणि आतले रंगाचे पट्टे, चिरा, सुयांचे ढग स्पष्ट होतात. खोबरेल तेल हाताशी असतं आणि पाण्यापेक्षा चांगलं दाखवतं, पण चीर असलेला खडा त्यात घालू नये. तेल चिरेत शिरतं, चीर दिसेनाशी होते, आणि पुढे तो खडा विकणारा नकळत दोष लपवून विकतो. शंका असेल तेव्हा पाणीच बरं. खालून टॉर्च, वर पातळ पांढरा कागद, आणि खडा हळूहळू फिरवत राहायचं.

मग दिशा. श्रीलंकेचे स्फटिक पुष्कळदा दोन्ही टोकांना निमुळते, लांबट असतात आणि चांगला निळा दिसतो तो त्या लांबीच्या दिशेने. वरचा मोठा सपाट पैलू, म्हणजे टेबल, लांबीला काटकोनात घेतला तर रंग उत्तम, पण वजन भरपूर जातं. लांबीला समांतर घेतला तर वजन वाचतं आणि खड्याच्या तोंडावर हिरवट छटा येते. १० कॅरेटच्या कच्च्या खड्यातून ३ कॅरेटचा नीलम निघाला तर ते चांगलंच काम समजायचं. वजनाच्या लोभाने दिशा चुकवलेले हिरवट नीलम बाजारात पैशाला पासरी आहेत. भट्टीतून न गेलेल्या चांगल्या स्फटिकाची अशी नासाडी पाहवत नाही.

रंग जर एकाच ठिपक्यात साठलेला असेल तर तो तळाच्या टोकाशी ठेवतात. वरून पाहिलं की खालचे पैलू त्या ठिपक्याचा निळा सगळीकडे परावर्तित करतात आणि खडा भरलेला दिसतो. आडवा धरला तर बाकीचा भाग जवळजवळ पांढरा. हे श्रीलंकेच्या कारागिरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे. पुढे कुणी तो जाड पोटाचा खडा बघून तळ कापून नीटनेटका करायला गेलं आणि रंगाचा ठिपकाच घासून गेला, तर हातात पांढरा दगड उरतो. जुना श्रीलंकन नीलम पुन्हा कापायला देण्याआधी तो पाण्यात आडवा धरून रंग कुठे आहे हे बघितल्याशिवाय चाकाला लावू देऊ नये.

कोनांचं गणित नीलमाच्या वक्रीभवनांकावरून, म्हणजे तो प्रकाश किती वळवतो यावरून येतं. तो १.७६ ते १.७७, म्हणून आतला प्रकाश सुमारे ३४.६ अंशांपेक्षा तिरका आला तरच परत फिरतो. खालच्या मुख्य पैलूंचा कोन ४० ते ४२ अंश ठेवला तर खडा थोडा कलला तरी प्रकाश वर येत राहतो. तो ३६-३७ वर आणला तर खडा जरासा कलताच खिडकी पडते, म्हणजे खड्याखालची छापील अक्षरं वाचता येतात. फार खोल, फुगीर पोट ठेवलं तर मधला भाग काळा. गडद खड्याला पोट कमी लागतं, फिक्याला जास्त, आणि चांगला कारागीर गणितात एखाद-दोन अंश इकडे-तिकडे करतो ते याच हिशेबाने.

घासताना धरण्यासाठी खडा काडीला चिकटवायला जुनी रीत लाखेची. लाख वितळवताना खडाही तापतो. ज्यात कार्बन डायऑक्साइडच्या पोकळ्या आहेत असा नीलम तेवढ्या उष्णतेनेही चिरू शकतो, म्हणून त्याला गार चिकटणारा इपॉक्सी लावावा. मग घासणं. नीलमाची कठीणता मोह्सच्या मोजपट्टीवर ९, त्याच्यावर हिराच लागतो. नंबर जितका मोठा तितकी पूड बारीक: २६० नंबरच्या हिरकणीने आकार, ६०० ने पैलूंची मांडणी, १,२०० ने ते नेमके करणं, ३,००० ने पॉलिशची तयारी, आणि शेवटी कथलाच्या किंवा तांब्याच्या चकतीवर ५०,००० ची हिऱ्याची पूड तेलात कालवून. सगळ्यांत जास्त चुका ३,००० च्या टप्प्यावर घाई केल्याने होतात. आधीच्या नंबराचे ओरखडे वरून गेल्यासारखे दिसतात, पण पृष्ठभागाखाली सूक्ष्म तडे राहतात, आणि पॉलिश चढल्यावर ते वर येतात. मग मागे जाऊन पैलू पुन्हा घासावा लागतो आणि शेजारचे सगळे जोड हलतात. एका नंबरचा एक कण पुढच्या चकतीवर गेला तरी तेच. म्हणून प्रत्येक टप्प्याला हात, खडा आणि काडी धुऊन काढायची, चकत्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवायच्या. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत तांब्याच्या चकतीवर हिरवं चढतं आणि यंत्राच्या दांड्याला गंज धरतो. दांडा किंचित डगमगला की पैलू सपाट न होता गोलावतो, त्यामुळे काम संपल्यावर पुसून तेलाचा हात फिरवण्यात कसूर चालत नाही. शिवाय कुरुंदाची कठीणता दिशेप्रमाणे बदलते. एक पैलू चटकन झळकतो, शेजारचा हटून बसतो. तेव्हा जोर वाढवू नये, घासण्याची दिशा बदलावी. जोराने उष्णता वाढते आणि सुया जिथे पृष्ठभागाला भिडल्या आहेत तिथे बारीक खड्डे निघतात.

झालेलं काम दहापट भिंगाखाली तपासावं. पैलूंचे कोपरे एका बिंदूत मिळतात का, कडा धारदार आहेत की बोथट, कंबर सगळीकडे सारखी जाड आहे का. कंबर कागदासारखी पातळ असेल तर कोंदणात बसवताना कपचा उडतो.

कोकणात नीलम घेणारे पुष्कळजण तो शनीसाठी घेतात, पंचधातूच्या किंवा चांदीच्या अंगठीत, आणि खडा बोटाला टेकावा म्हणून कोंदण खालून उघडं. उघडं कोंदण रत्नाच्या दृष्टीनेही चांगलं. खडा मागून तपासता येतो, आणि मागे डांक, म्हणजे चकचकीत पातळ पत्रा, लावून फिका रंग गडद भासवण्याला जागा राहत नाही. अडचण दुसरीच आहे. नारळ खवताना, मासळी साफ करताना, तेल लावताना खालच्या पैलूंवर स्निग्ध थर बसतो. हवेच्या जागी तेल आलं की प्रकाश परत फिरण्याची मर्यादा ३४.६ अंशांवरून ५६ च्या पुढे जाते. ४१ अंशांचे ते कष्टाने साधलेले पैलू निरुपयोगी होतात आणि प्रकाश तळातून गळून जातो. अंगठी निस्तेज झाली, खड्याचं पाणी उतरलं, असं म्हणून लोक घाबरतात. बहुतेक वेळा त्यावर कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश हा इलाज असतो. ब्रश खालच्या बाजूने फिरवायचा. चांदी इथल्या हवेत काळी पडते, पंचधातूतलं तांबं हिरवट होतं. ते उजळायला रसायन वापरायचं तर खडा आधी काढून घ्यावा. २२ कॅरेटच्या सोन्याचे काटे मऊ, रोजच्या वापरात उघडतात. खडा काट्यांत धरायचा असेल तर १८ कॅरेट घ्यावं.

अंगठी मोठी-लहान करायला देताना किंवा काटा जोडायला देताना सोनाराला स्पष्ट सांगावं की खडा काढूनच आगीला लावा. टाकणखार तापल्यावर कुरुंदाचा पृष्ठभाग खातो आणि पॉलिशवर कायमचे डाग पडतात. फुंकणीच्या ज्वाळेने आतल्या पोकळ्या फुटल्या, तर ५५ कोटी वर्षं सुरक्षित राहिलेल्या स्फटिकात मिनिटभरात चीर जाते. खडा काढला की त्याच वेळी तोलून घ्यावा. प्रमाणपत्रावर वजन कॅरेटमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत आणि लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये असते. पेढीवर मात्र रत्तीचा हिशेब चालतो, आणि रत्ती दोन प्रकारची. एक सुमारे ०.१२ ग्रॅमची आणि दुसरी पक्की म्हणतात ती सुमारे ०.१८ ग्रॅमची. म्हणून नोंद कॅरेटमध्येच करून घ्यावी, देताना आणि परत घेताना, आणि आतल्या एखाद्या ठळक सुईची किंवा रंगाच्या पट्ट्याची जागा भिंगाखाली एकदा पाहून ठेवावी. वजन जुळवता येतं, पट्ट्यांची तीच मांडणी दुसऱ्या खड्यात मिळत नाही.